'उंबरठा'तल्या घराला कुटुंब-अभ्यासाच्या थिअऱ्या कशा लावायच्या? असाइनमेंटसाठी मदत हवीये

पहिला_पाऊस:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एमए करतेय, मानव विकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय. या सेमला मॅडमनी असाइनमेंट दिलीये की कुठलाही एक सिनेमा घ्या आणि त्यातल्या नात्यांना किमान दोन थिअऱ्या लावून दाखवा. वर्गात बहुतेकांनी हिंदी नाहीतर इंग्रजी सिनेमे घेतलेत, मी 'उंबरठा' घेतला. जब्बार पटेलांचा, १९८२ चा, स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड. गाणी सगळ्यांना पाठ असतात पण सिनेमा पूर्ण बघितलेले माझ्या वयाचे फार कमी भेटतात.

नसेल बघितला तर थोडक्यात सांगते. सुलभा महाजन, शिकलेली, नवरा सुभाष वकील, राणी नावाची छोटी मुलगी, घर एकत्र म्हणजे सासूबाई, दीर, जाऊबाई सगळे. खायला-ल्यायला काही कमी नाही. पण तिला घराबाहेर पडून काम करायचंय, बायकांसाठी करायचंय. संगमवाडी नावाच्या आडगावातल्या महिला सुधारगृहात अधीक्षिकेची नोकरी मिळते, नवऱ्याला आणि सासूला पटत नाही, जाऊ म्हणते राणीला मी बघते, आणि ही जाते. तिथला गैरकारभार, कमिटीशी भांडणं, शेवटी राजीनामा देऊन परत येते तर पोरगी जावेला चिकटलेली आणि नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी जुळलेलं. मग ती पुन्हा घर सोडते.

मी आत्तापर्यंत सिस्टिम्स (घरातले सगळे एकमेकांवर परिणाम करतात), रोल (घरातल्या भूमिका), एक्स्चेंज (नात्यातली देवाणघेवाण), अटॅचमेंट (मुलाचं सांभाळणाऱ्याशी जुळलेलं बंधन) आणि फेमिनिस्ट अशा पाच थिअऱ्यांवर लिहून काढलंय. पण प्रत्येक पॅरा एकाच साच्यातला झालाय, आधी व्याख्या, मग 'सुलभाच्या बाबतीतही हेच दिसून येते'. रूममेटने वाचलं आणि म्हणाली की यातल्या थिअऱ्या काढल्या तरी काही फरक पडत नाहीये, गोष्ट तीच राहतेय. तिचं बरोबर आहे, पण मग लावायची म्हणजे करायचं काय नक्की?

आणि दुसरं, मला सुभाषचं काय करायचं कळत नाहीये. सिनेमा त्याला व्हिलन करत नाही, तो आरडाओरडा करणारा नवरा नाही, पण त्याने जे केलं ते केलंच ना. थिअरीच्या भाषेत लिहायला गेलं की तो आपोआप सुटतो असं वाटतं. कुणी सांगेल का?


निळी_शाई:

सिनेमा चांगला निवडलायस. मी हा विषय शिकवायचे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाचातल्या तीन तरी काढ. थिअरी लावली हे केव्हा म्हणायचं, तर ती हातात नसती तर सिनेमातली अमुक एक गोष्ट तुला दिसलीच नसती असं सांगता आलं तर. नुसतं नाव चिकटवून काही होत नाही.

आणि माझ्या मते या सिनेमाला सगळ्यात नेमकी बसणारी थिअरी तुझ्या यादीत नाहीच आहे. रूबेन हिल, कुटुंबांचा अभ्यास करणारा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. १९४९ साली त्याचं 'फॅमिलीज अंडर स्ट्रेस' आलं. दुसऱ्या महायुद्धात नवरा सैन्यात गेला आणि मग परत आला अशा अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या कुटुंबांचा तो अभ्यास. एबीसी-एक्स मॉडेल तुम्हाला शिकवलं असेलच, ए म्हणजे घटना, बी म्हणजे घराकडे असलेली साधनं, सी म्हणजे घर त्या घटनेचा काय अर्थ लावतं, आणि या तिघांवरून एक्स, म्हणजे क्रायसिस येतो की नाही आणि किती येतो ते ठरतं. परीक्षेत सगळे एवढं लिहून मोकळे होतात. पण हिलने जाण्याचा जेवढा अभ्यास केला तेवढाच परत येण्याचाही केलाय आणि मला त्यातला तो भाग जास्त मोलाचा वाटतो. माणूस गेला की मागे राहिलेले त्याची कामं वाटून घेतात, निर्णय त्याच्याशिवाय व्हायला लागतात, घर सावरतं. पण ज्या घराने त्याच्याशिवाय फारच नीट जमवून घेतलं त्याला तो परतल्यावर पुन्हा आत सामावून घेणं जड जातं. गेल्यावर ज्या गोष्टीने घर तरलं तीच आल्यावर आडवी येते.

आता हे महाजनांच्या घराला लाव. नोकरी आणि दूरचं गाव ही घटना. साधनं भरपूर, पैसा आहे, माणसं आहेत, मुलीला जीव लावणारी जाऊ आहे. त्यामुळे सुलभा गेल्यावर घर कोलमडत नाही, उलट फार छान चालतं. क्रायसिस येतो तो ती परत आल्यावर. नुसती गोष्ट म्हणून बघितलं तर आपल्याला वाटतं की ती गेली म्हणून घर मोडलं, घरातल्यांचंही तेच म्हणणं. हिल हातात घेऊन बघितलं तर दिसतं की घर मोडलंच नव्हतं, ते तिच्याशिवाय पूर्ण झालं होतं. हे वाक्य तुला थिअरीशिवाय लिहिता आलं नसतं.

आणि सी वर थांब जरा. मॉडेलमध्ये सी एकच असतो, 'कुटुंबाने लावलेला अर्थ'. इथे एका घरात तीन अर्थ आहेत. सुलभासाठी ते काम आहे, सासूबाईंसाठी घर सोडणं आहे, जावेसाठी काही दिवसांची अडचण आहे जी आपण भागवू शकतो. सुभाषचा अर्थ तर सिनेमाभर बदलत राहतो. मग मॉडेल कुठे अपुरं पडतं तेही लिही, मॅडमना आवडेल.

दुसरी थिअरी मिनुचिन घे, हा फॅमिली थेरपिस्ट, म्हणजे अख्ख्या घराला समोर बसवून उपचार करणारा, १९७४ चं पुस्तक, स्ट्रक्चरल म्हणजे घराच्या रचनेची थिअरी. घरातल्या उपगटांच्या सीमा, म्हणजे नवरा-बायको, मुलं अशा छोट्या गटांमध्ये कोण किती आत येऊ शकतं ते. निबंधात दोन नकाशे काढ, एक सुलभा जाण्याआधीचा, एक परत आल्यानंतरचा. स्पष्ट सीमेला तुटक रेघा, ताठर सीमेला सलग रेघ, विरघळलेल्या सीमेला ठिपके, अशा त्याच्या खुणा आहेत. आधीच्या नकाशात नवरा-बायको एका चौकटीत, राणी त्यांच्या खाली, जाऊ बाजूला. नंतरच्या नकाशात जाऊ आणि राणी एका चौकटीत येतात, मध्ये ठिपके, आणि सुलभापुढे सलग रेघ. हे कागदावर काढलंस की पानभर वर्णन लिहायचं वाचतं.


खाडीपलीकडे:

मी काही या विषयातला नाही, सिनेमा दोनदा बघितलाय म्हणून वाचत होतो. निळी_शाई यांनी ते सैनिकांचं लिहिलं ते वाचून एकदम आमचंच घर डोळ्यापुढे आलं.

आमचे बाबा मर्चंट नेव्हीत होते. महिनोन्‌महिने बोटीवर. आई घरातलं सगळं एकटी ठरवायची, बँक, शाळा, घराची डागडुजी, पण बाहेर कुणालाही सांगताना 'यांना विचारून सांगते' असंच म्हणायची. विचारलेलं नसायचं, पत्र जायलाच किती दिवस लागायचे. जेवायला बसताना बाबांचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. ते आले की पहिले आठवडाभर आम्हाला त्यांची भीती वाटायची, ते चिडायचे, पण त्यांची जागा त्यांना मिळायची. कारण ती धरून ठेवलेली असायची.

आणि आमच्याच वाडीतली एक काकू नर्स म्हणून आखातात गेली. पैसे तीच पाठवायची, त्या पैशावर घर उभं राहिलं. ती गेल्यावर दोन महिन्यांत तिचं कपाट रिकामं करून नणंदेला दिलं. ती सुट्टीवर आली की बॅगेतूनच कपडे काढून वापरायची, पाहुण्यासारखी. कुणी वाईट वागत नव्हतं तिच्याशी, सगळे प्रेमाने बोलायचे. पण जागा धरून ठेवावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सुलभाचं हेच झालं ना? बाप्या गेला तर घर वाट बघतं, बाई गेली तर तिची जागा भरून काढतं. या थिअरीत त्याचं काही आहे का माहीत नाही पण मला सिनेमात तेच दिसलं.


पहिला_पाऊस:

@खाडीपलीकडे दादा, अंगावर काटा आला वाचून. पाट आणि कपाट. हे मला असाइनमेंटमध्ये घेता येणार नाही पण मुद्दा हाच आहे.

@निळी_शाई ताई खूप खूप थँक्यू, हिल आम्हाला फक्त फॉर्म्युला म्हणून शिकवलाय, परत येण्याचा भाग कुणी सांगितलाच नव्हता.


निंबोणी:

थोडा वाद घालते, राग मानू नका. मिनुचिनच्या नकाशाबद्दल.

या थिअऱ्या ज्या घरांकडे बघून बनल्या ती आई-बाप-मुलं एवढीच घरं. त्यात मूल तिसऱ्या बाईला चिकटलं की लगेच सीमा विरघळली, गडबड झाली असं निदान येतं. आपल्याकडे काकूच्या हातचं जेवणारी, आजीच्या कुशीत झोपणारी पोरं घरोघरी आहेत आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. सुझन सिमोर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी भुवनेश्वरमधल्या घरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, १९९९ मध्ये पुस्तक आलं, त्यात हेच आहे की तिथे मूल अनेक हातांत वाढतं, आई एकटीच सगळं करत नाही, आणि ती तिथली नेहमीची रीत आहे. मग राणी जावेकडे वळली हा आजार कसा ठरवायचा? मला तर वाटतं जावेचं पात्र या चर्चेत फुकट बदनाम होतंय. तिने कुणाची मुलगी पळवली नाही. ती नसती तर सुलभा जाऊच शकली नसती, घरातल्या एकाच माणसाने तिला प्रत्यक्ष मदत केली ती तिनेच.

तेव्हा नकाशा जरूर काढ पण खाली लिही की रेघा कुणी ठरवल्या.


निळी_शाई:

@निंबोणी राग कसला, बरोबर मुद्दा आहे. इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' लिहिलं तेव्हापासून आपल्याकडच्या घराची घडण वेगळी आहे हे माहीत आहे, तरी आम्ही शिकवताना सरळ अमेरिकन चौकट वापरतो.

फक्त एक भर घालते. अनेक हातांत मूल वाढणं ठीक, पण त्या पद्धतीत आईसुद्धा त्या अनेक हातांपैकी एक असते, घरातच असते. इथे ती बाहेर गेली आणि परत आल्यावर त्या हातांमध्ये तिला घेतलं गेलं नाही. म्हणून दोष जावेशी जुळलेल्या नात्याचा नाही, सुलभापुढे जी सलग रेघ आली तिचा आहे. ती रेघ जावेने एकटीने ओढलेली नाही. नकाशात दोन्ही रेघा वेगवेगळ्या रंगात दाखव म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.


तिखटमीठ_लावू_नका:

सासूबाई सुटल्या सगळ्यांच्या नजरेतून. त्या स्वतः समाजकार्यातल्या आहेत! बायकांसाठी संस्था, मीटिंगा, मानसन्मान सगळं, आणि सुनेने तेच काम नोकरी म्हणून करायचं म्हटलं की विरोध. पहिल्यांदा बघताना मला हे ढोंग वाटलं होतं. मग डेनिझ कँडियोटी यांचा १९८८ चा लेख वाचला, पितृसत्तेशी केलेल्या सौद्याबद्दल. त्यात असं मांडलंय की जिथे बाई लग्न होऊन नवऱ्याच्या घरी येते तिथे तरुणपणी तिला दबून राहावं लागतं आणि म्हातारपणी सुनांवर अधिकार मिळतो, त्या आशेवर ती सगळं सोसते. मग सून ही चौकटच नाकारायला लागली की सासूला आपण आयुष्यभर भरलेले हप्ते वाया गेल्यासारखं वाटतं.

सासूबाईंचं समाजकार्य घराच्या परवानगीने चालतं, घराची शान वाढवतं. सुलभाचं काम घरापासून लांब, पगाराचं, सरकारी कागदावरचं. दोघींमधला झगडा जुन्या-नव्याचा वाटतो पण खरं तर दोन वेगवेगळे सौदे आहेत. पहिला_पाऊस, यावर एक पॅरा तरी लिहीच.


गुळाचा_चहा:

एक्स्चेंज थिअरी काढून टाकू नकोस गं पूर्ण. थिबॉ आणि केली या मानसशास्त्रज्ञांची, १९५९. त्यात दोन मोजपट्ट्या आहेत, एक म्हणजे मला या नात्यातून काय मिळायला हवं असं मला वाटतं, आणि दुसरी म्हणजे हे सोडलं तर बाहेर मला काय मिळेल. नात्यात समाधान आहे का हे पहिलीवरून कळतं, माणूस नात्यात राहतो का हे दुसरीवरून. सुलभा पहिल्यांदा घर सोडते तेव्हा हातात नोकरी असते. दुसऱ्यांदा सोडते तेव्हा राजीनामा दिलेला असतो, मुलगी दुरावलेली असते, बाहेर काहीच वाट बघत नसतं. थिअरीप्रमाणे तिने थांबायला हवं होतं. ती थांबत नाही. म्हणजे थिअरी चुकते तिथेच तुला सुलभा सापडते. अशीही लावता येते थिअरी, मोडून दाखवायला.


साधा_वाचक:

थोडं विषयांतर पण कुणी याच धर्तीचा दुसरा सिनेमा शोधत असेल तर सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' घ्या. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान केलेत आणि अमृता सुभाषने माहुताची बायको, तिला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पॉलिन बॉस यांची अँबिग्युअस लॉसची थिअरी आहे ना, माणूस देहाने समोर आहे पण मनाने नाही, त्यामुळे घरच्यांना धड दुःखही करता येत नाही, ती तिथे शब्दशः दिसते. मुलगी ज्यांना बाबा म्हणून शोधत फिरतेय ते तिकडे एका अनोळखी बाईला आई म्हणतायत. माझ्या आजोबांचं असं झालं होतं, मला तो सिनेमा सलग बघवला नाही.


पहिला_पाऊस:

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत की मला आता शब्दमर्यादेची काळजी वाटतेय. सध्या ठरवलंय ते असं: मुख्य हिल, परत येण्यावर भर, त्याला जोडून दोन नकाशे आणि निंबोणी ताईंचा आक्षेप. सासूबाईंवर एक पॅरा. एक्स्चेंज शेवटच्या प्रसंगापुरती. अटॅचमेंट पूर्ण बाद, कारण राणीच्या मनात काय चाललंय ते सिनेमा फारसं दाखवतच नाही, मी उगाच ओढूनताणून लिहिलं असतं.

पण सुभाषचं राहिलंच. फॅमिली थेरपीवाल्या बोवेनचा त्रिकोण वाचला मी, की दोन माणसांतला ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि तात्पुरतं हलकं वाटतं. त्याचं दुसऱ्या बाईकडे जाणं त्यात बसतं. पण असं लिहिलं की वाटतं ताण दोघांनी मिळून केला, त्यातून त्रिकोण झाला, कुणाचीच चूक नाही. मला हे पटतच नाहीये.


निळी_शाई:

पटू देऊ नकोस. तुझ्या आधी बऱ्याच जणींना हे पटलं नव्हतं आणि त्यांनी ते छापून ठेवलंय. रेचल हेअर-मस्टिन यांचा १९७८ चा लेख आणि व्हर्जिनिया गोल्डनर यांचा १९८५ चा, दोन्ही फॅमिली थेरपीवरचे, लायब्ररीच्या ऑनलाइन जर्नल्समध्ये मिळतील. त्यांच्या टीकेचं सार असं की सिस्टिम्सवाले म्हणतात घरात सगळे एकमेकांवर परिणाम करतात, गोल गोल फिरतं, म्हणून दोषी कुणी नाही. पण घरातल्या सगळ्यांची ताकद सारखी नसते. ज्याच्याकडे पैसा, घर आणि समाजाची मान्यता आहे त्याने केलेली गोष्ट आणि जिच्याकडे यातलं काही नाही तिने केलेली गोष्ट एकाच तराजूत टाकली तर तराजूच खोटा ठरतो.

आता प्रसंग बघ. सुलभा लांब गेली तेव्हा दोघंही एकटे पडले. थिअरीप्रमाणे ताण दोघांवर सारखाच. तो एकटेपणा सुभाषने दुसऱ्या नात्याने भरून काढला आणि तरी तो घरातच आहे, त्याची आई, भाऊ, मुलगी, वकिली सगळं जागच्या जागी. सुलभाने तो कामात घालवला आणि तिच्या हातातून सगळं गेलं. ताण सारखा, किंमत वेगळी. बोवेन तुला त्रिकोण कसा झाला ते सांगेल, किंमत कुणी भरली ते सांगायला हेअर-मस्टिन आणि गोल्डनर लागतील. दोन्ही थिअऱ्या एकाच प्रसंगावर समोरासमोर ठेव, भांडू दे त्यांना. कर्नाडांनी सुभाष सभ्य ठेवलाय म्हणून तर हे लिहिता येतंय, तो दुष्ट असता तर थिअरीची गरजच पडली नसती, स्वभावाला औषध नाही म्हणून विषय संपला असता.

आणि त्याच्या कबुलीचा प्रसंग पुन्हा बघ, या वेळी आवाज बंद करून. दोघांपैकी कोण बसलंय, कोण उभं आहे, दाराजवळ कोण आहे, खोलीतल्या कुठल्या वस्तूंना कोण सहज हात लावतंय एवढंच वहीत लिहून काढ. मी वर्गात हेच करून घ्यायचे, पोरं पहिल्यांदा हसायची आणि मग पानं भरून लिहायची.


पहिला_पाऊस:

आज रात्रीच बघते. रूममेटलाही बसवते, तिने अजून सिनेमा बघितलेला नाही, आधी तिला आवाजासकट दाखवावा लागेल. नकाशे काढून झाले की फोटो इथे टाकते, निंबोणी ताई तुम्ही रेघा तपासा प्लीज.


निंबोणी:

टाक टाक. जाऊबाईंना कोपऱ्यात ढकललेलं दिसलं तर परत भांडेन.